पुसट केलेलं घड्याळ

ज्या माणसाला मी भर सभागृहात उघडा पाडला, त्याला मी लहानपणापासून मामा म्हणत आले होते. सख्खा मामा नव्हे. तंजावूरच्या आम्हां मराठी घरांत नाती लांबवर ओढली जातात. आईच्या माहेरच्या गल्लीत वाढलेला, तिच्याशी मराठीत बोलणारा, एवढं मामा व्हायला पुरतं. गावाबाहेरच्या ज्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, तिथे तो माझा विभागप्रमुख होता. घरी मला 'पोरी' म्हणायचा, कॉलेजात 'मॅडम'. घरी मराठी, कॉलेजात तमिळ नाहीतर इंग्रजी. समोरासमोर मी त्याला नेहमी अहोजाहोच केलं. इथे 'तो' लिहिते आहे ते मुद्दाम.

मला नोकरी त्याने लावली, असं तो लग्नामुंजींत सांगत फिरायचा. मी पुण्यात एम.टेक. करून, रीतसर मुलाखत देऊन लागले होते. (ही लिहायची मराठीही पुण्यातलीच. घरी आम्ही बोलतो ती जुनी, तमिळच्या हेलाची. पुण्यात तिला हसायचे.) पण आईने त्याचं बोलणं कधी खोडलं नाही आणि मीही नाही. सगळ्यांना एक मामा असतो, आपलाही असू दे, इतकंच मनात.

काही वर्षांपूर्वी, पोंगलच्या थोडं आधी, ती बातमी आली. जगातल्या बहुतेक सगळ्या संगणकांच्या प्रोसेसरमध्ये एक जुना दोष सापडला होता. सॉफ्टवेअरमध्ये नाही, खुद्द प्रोसेसरमध्ये. मी त्यावरचे शोधनिबंध छापून घेतले आणि सुट्टीभर वाचत बसले. पोंगलच्या दिवशी बाहेर रांगोळीभोवती शेजारणी जमल्या होत्या आणि मी आत पेन्सिल घेऊन खुणा करत होते. आईने विचारलं, "एवढें काय आहे त्यांत?"

मी तिला तिच्याच स्वयंपाकघरातून सांगितलं. फाटकाचा आवाज आला की तू कोण आलंय ते न बघताच अंदाज बांधतेस. काका असेल असं वाटलं तर कॉफीचं डिकाक्शन गरम करतेस, आत्या असेल असं वाटलं तर दूध. मग कळतं की माणूस शेजारच्या घरी आला होता. तू केलेलं ओतून देतेस, काही झालंच नाही असं करतेस. पण मी मागून येऊन भांड्यांना हात लावून बघितला, तर कुठलं भांडं कोमट आहे त्यावरून तुझ्या मनात कोण होतं ते मला कळेल. प्रोसेसर असंच करतो. वेळ वाचवायला पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर टाकून देतो. पण भांडं कोमट राहतं. जे वाचायची कुणाला परवानगी नाही, ते त्या उबेवरून ओळखता येतं.

"आणि हात कोण लावतो?" आईने विचारलं.

"कुठलेंही वेबपान. तूं ब्राउजरमध्यें एखादें पान उघडतेस, त्याच्याबरोबर एक छोटा प्रोग्राम येतो. तो बसल्या बसल्या वेळ मोजतो. एखादी गोष्ट पटकन मिळाली की ती कोमट होती, उशिरा मिळाली की गार."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे चोर घरांत शिरतच नाही. आपणच पान उघडून त्याला बसायला देतों." याहून नेमकं मला वर्गातही कधी सांगता आलेलं नाही.

आमच्या कॉलेजात एकाच ब्राउजरमध्ये सगळं चालायचं. गुण भरायचं पोर्टल, प्रश्नपत्रिका, कुणाची बँक, कुणाचं तमिळ सिनेमाचं चोरटं संकेतस्थळ, शेजारी शेजारी उघडलेलं. ते बघून मला घाम फुटायचा. मी ठरवलं की नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही, डोळ्यांनी दाखवायला हवं. वर्ग संपले की मी लॅबमध्ये बसायचे. मागच्या खिडकीतून भातशेतं दिसायची आणि पाटावरून येणारा ओला वास आत यायचा. कित्येक आठवडे हाती कचराच आला, नुसती निरर्थक अक्षरं. उन्हं वाढली, शेतं कापून झाली, आणि एका दुपारी पडद्यावर माझा शब्द उमटायला लागला. मी ब्राउजरच्या मेमरीत एक शब्द दडवून ठेवला होता आणि ज्या पानाला तो बघायची मुभा नव्हती, ते पान तो एकेक अक्षर करून बाहेर काढत होतं.

मी धावत मामाकडे गेले. दुसऱ्या कुणाकडे जावं असं मनातही आलं नाही.

तो आला, खुर्चीत बसला आणि बघत राहिला. मी पुन्हा चालवून दाखवलं. त्याने दार लोटून घेतलं आणि कॉलेजात असूनही मराठीत विचारलं, "कोणाला दाखवलेंस?"

"तुम्हालाच पहिल्यांदा."

"बरें केलेंस. सगळें मला पाठव. प्राचार्यांशीं मी बोलतों. तूं बोललीस तर घाबरतील."

मी सगळं पाठवलं. प्रोग्राम, टिपणं, आणि कॉलेजातले ब्राउजर ताबडतोब अद्ययावत करावेत अशी विनंती. त्या संध्याकाळी मी टाउन बसमधून उभ्याने घरी आले, तरी पाय दुखले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांच्या टेबलासमोर मामा आधीच बसला होता, जमिनीकडे बघत. प्राचार्य इंग्रजीत म्हणाले की मी कॉलेजच्या यंत्रांवर परवानगीशिवाय हल्ल्याचे प्रोग्राम चालवते अशी तक्रार विभागप्रमुखांकडून आली आहे. चौकशी होणार नाही, कारण प्रमुखांनीच रदबदली केली आहे. मात्र लॅबची किल्ली परत द्यायची आणि उन्हाळाभर प्रवेशाच्या कामाला जायचं.

मी मामाकडे बघितलं. तो तमिळमध्ये म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या भल्यासाठीच आहे."

प्रवेशाचं काम म्हणजे काय ते खासगी कॉलेजात शिकवणाऱ्यांना सांगायला नको. मे महिन्यात पत्रकांची पिशवी खांद्याला अडकवून गावोगाव हिंडायचं, बारावी झालेल्या मुलांची घरं शोधायची, आणि आमच्याच कॉलेजात या म्हणून विनवायचं. मला ओरत्तनाडूकडची गावं दिली. खेड्याच्या बसने जायचं, मग कालव्याच्या कडेने नारळाच्या सावल्या धरत चालायचं. लोक भले होते. तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसवायचे, ताक द्यायचे. एक आजोबा म्हणाले, "एवढं शिकून तुला उन्हात हिंडवतात, अम्मा?" मी हसले. ताक संपवून पुढच्या घराकडे निघाले.

नव्या पत्रकांचा गठ्ठा आला, तो मी एका गावच्या बसथांब्यावर उघडला. शेवटच्या पानावर कॉलेजातल्या राष्ट्रीय कार्यशाळेची जाहिरात होती: प्रोसेसरमधील दोष आणि ब्राउजरमधून होणारे हल्ले, प्रात्यक्षिकासह. खाली मामाचा फोटो. विषयाची इंग्रजी वाक्यं माझ्या टिपणातली होती, स्वल्पविरामासकट. आणि ती पत्रकं मीच घरोघर वाटत होते. त्या दिवशी उरलेली सगळीही वाटली. अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या हातातसुद्धा दिली. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आतून काहीतरी थंड होत चाललं होतं, एवढं आठवतं.

मी त्याच्या घरी गेले. तो वेष्टी नेसून झोपाळ्यावर बसला होता. बायकोने मला आत बोलावलं, रव्याचा लाडू दिला. मी लाडू हातात धरून म्हटलं, "मामा, तें काम माझें आहे."

"नाहीं कोण म्हणतो? पण आपल्याच माणसाचें नाव झालें तर तुला काय वाईट?" तो अगदी गोड बोलत होता. "बाहेरून मोठे लोक येणार. तूं उभी राहिलीस तर म्हणतील, ही कोण? मी उभा राहिलों तर कॉलेजचें नाव. पुढें तुझेंही बघूं. आणि खरें सांगूं, प्रवेशाचें काम तुला बरें. चार घरीं जाशील, चार माणसें बघतील. आईच्या डोक्यावरची काळजी उतरेल."

मी तेव्हा चौतिशीची होते, लग्न झालेलं नव्हतं. त्याच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. लाडू मी ताटलीत परत ठेवला आणि उठले.

मला राग येतो तेव्हा मी ओरडत नाही. मी भांडी घासते. त्या संध्याकाळी मी धुतलेलीसुद्धा पुन्हा घासली. मग मोठ्या देवळात गेले, चपला बाहेर काढल्या. दिवसभर तापलेला दगड पायाला भाजत होता, मी भाजू दिला. प्रदक्षिणा घालताना लोक काय काय मागतात. मी मागितलं की त्याला सगळ्यांसमोर, माइकसमोर, तोंड उघडता येऊ नये. देवासमोर असं मागू नये हे मला कळत होतं. मी पुन्हा मागितलं.

आणि मागता मागताच ते सुचलं.

माझा प्रोग्राम उभा होता तो वेळेच्या मोजणीवर. कोमट आणि गार यांतला फरक इतका बारीक असतो की तो टिपायला फार अचूक घड्याळ लागतं, आणि ते घड्याळ ब्राउजरच पानांना पुरवत होता. बातमी फुटल्यावर ब्राउजर बनवणाऱ्यांनी पहिलं काम केलं ते हेच. नव्या आवृत्तीत त्यांनी घड्याळ पुसट केलं, वेळ मुद्दाम ढोबळ सांगायला लावलं. आमच्या लॅबमधल्या जुन्या आवृत्तीत ते अजून लख्ख होतं, म्हणून माझा शब्द उमटत होता. हे सगळं मी प्रोग्रामच्या अगदी वर, पहिल्याच ओळींत लिहिलेलं होतं. ज्याने ते उघडून वाचलं असतं त्याला कळलं असतं.

त्याने वाचलं नव्हतं. त्याने फक्त चालवलं होतं.

कार्यशाळेच्या आदल्या दुपारी मी कॉलेजात गेले. सभागृहाच्या दाराला केळीचे खुंट बांधणं चाललं होतं. मामा घामाघूम होऊन सगळ्यांवर खेकसत होता. बाजूला दोन प्राध्यापक आणि लॅबचे प्रमुख उभे होते. मी सगळ्यांदेखत, स्पष्ट तमिळमध्ये विचारलं, "सर, संगणकांवर ब्राउजर अद्ययावत करा अशी सूचना सारखी येते आहे. पाहुणे येणार. करून घ्यायचं का?"

"हे विचारायचं काय? करा."

"व्यासपीठावरच्या यंत्रावरचाही?"

"मॅडम, सगळे म्हणजे सगळे. उद्या काही जुनं दिसता कामा नये."

लॅबच्या प्रमुखांनी मान डोलावली. मी 'बरं सर' म्हणून बाजूला झाले. मी खोटं बोलले नाही, काही लपवलं नाही, कशाला हात लावला नाही. उन्हाळ्याआधी जी विनंती मी हात जोडून केली होती, ती त्याने खेकसून मंजूर केली. बसथांब्यावर मी एक चाफ्याची माळ घेतली आणि केसांत माळली. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या रांगेत, कडेची खुर्ची धरून बसले. मला त्याचा चेहरा जवळून बघायचा होता. पाहुण्यांत चेन्नईहून आलेल्या एक बाई होत्या, याच विषयात काम करणाऱ्या, पांढरे केस बारीक कापलेल्या. त्या वही न उघडता नुसत्या ऐकत होत्या.

बोलला तो छान. ते मान्य करायला हवं. माझी वाक्यं त्याच्या तोंडी फार रुबाबदार वाटत होती. मग म्हणाला, "आता प्रत्यक्षच बघा," आणि पान उघडलं.

पडद्यावर चौकोन उमटले. मग एक प्रश्नचिन्ह, एक आकडा, पुन्हा चौकोन. तो हसला, म्हणाला की एखाद वेळी असं होतं, आणि पुन्हा चालवलं. चौकोन. तिसऱ्यांदा चालवताना त्याने कळफलकावर बोट इतक्या जोराने दाबलं की माइकमधून आवाज आला. मागच्या रांगांत विद्यार्थी कुजबुजायला लागले.

"नेटवर्कचा काही त्रास दिसतो," तो म्हणाला.

चेन्नईच्या बाईंनी हात वर केला. "यात नेटवर्क कुठे येतं?" त्यांनी सरळपणे विचारलं. "तुम्ही वेळ कुठे मोजता, ती ओळ दाखवता का?"

त्याने प्रोग्राम उघडला. वरून खाली गेला, खालून वर आला, पुन्हा खाली. भल्यामोठ्या पडद्यावर माझ्या ओळी वरखाली सरकत होत्या आणि सगळं सभागृह त्यांच्याबरोबर डोळे फिरवत होतं. पहिल्या ओळीतला इशारा दोनदा समोरून गेला. दोन्ही वेळा त्याला तो दिसला नाही. माझ्या छातीत इतकं गोड वाटत होतं की मला भीती वाटली, आपण हसू.

मग त्याने मान वळवली आणि मला शोधलं. माइक तोंडाशीच होता. "काय झालें ग हें?" तो म्हणाला. मराठीत. झोपाळ्यावर बसून ज्या आवाजात बोलला होता, अगदी त्याच आवाजात.

सभागृहातल्या बहुतेकांना शब्द कळले नाहीत. पण विनवणी कळायला भाषा लागत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उभी राहिले आणि तमिळमध्ये म्हटलं, "सर, लिहिलं तुम्ही. तुम्हालाच ठाऊक असणार."

तेवढ्या एका वाक्यासाठी मी सगळा उन्हाळा चालले होते.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक आहे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मला वर जायला सांगितलं. मी व्यासपीठावर गेले, मामाच्या हातातून माइक घेतला. त्याचा तळवा ओला होता. मी पहिल्या ओळींवर बोट ठेवून घड्याळाची गोष्ट सांगितली. ते पुसट झालं की कोमट-गार कसं कळेनासं होतं, ते सांगितलं. हेही सांगितलं की दोष प्रोसेसरमध्ये आहे तसाच आहे, फक्त एक वाट अवघड झाली आहे, उद्या कुणीतरी दुसरी शोधील. आणि मग म्हटलं, "हे प्रात्यक्षिक फसलं ही चांगली बातमी आहे. कालपासून आपल्या कॉलेजातली यंत्रं आधीपेक्षा सुरक्षित आहेत. ती अद्ययावत करण्याचा हुकूम काल सरांनीच दिला. त्यांच्यासाठी टाळ्या."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मनापासून. त्याला उभं राहून, हात जोडून त्या घ्याव्या लागल्या. मी शेजारी उभी राहून वाजवत होते आणि सगळ्यांत शेवटी थांबले.

दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला. चपला काढून आत आला, पण माझ्याशी बोलला नाही. आईसमोर बसला आणि म्हणाला, "अक्का, हिनें मला आधीं सांगायला हवें होतें."

मी म्हटलं, "पहिल्याच ओळींत लिहिलें होतें."

"मी तुझ्यासाठीं काय नाहीं केलें?"

मी उत्तर देणार होते, पण आई बोलली. आई कधी कुणाला तोडून बोललेली मी पाहिलेली नाही. ती म्हणाली, "तुम्ही हिला उन्हांत हिंडवलेंत. रोज पाय सुजून यायची. मी तेल लावायची. तेव्हां तुम्हीं एकदां तरी विचारायला यायला हवें होतें." मग आत गेली. कॉफी विचारली नाही. आमच्या घरात आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते त्याला पुरेपूर कळलं. तो जरा वेळ बसला आणि गेला.

त्याचं फार वाकडं झालं असं नाही. अशा माणसांचं होत नाही. वर्ष संपायच्या आत तो दुसऱ्या कॉलेजात गेला, तिथे मोठ्या पदावर आहे म्हणतात. मला लॅबची किल्ली मिळाली, पण प्राचार्यांनी झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द काढला नाही. चेन्नईच्या बाईंनी मला दोन महिने त्यांच्या गटात काम करायला बोलावलं. तिथून आल्यावर मी हा विषय शेवटच्या वर्षाला शिकवायला घेतला. तो अजून शिकवते. दर एकदोन वर्षांनी प्रोसेसरमध्ये नवा दोष निघतो, माझी टिपणं पुन्हा लिहावी लागतात.

लग्नकार्यात तो अधूनमधून समोर येतो. मान वळवतो. मी वळवत नाही, सरळ बघते. आई म्हणते, आता पुरे, सोडून दे. मला सोडायचं नाही. लोक सांगतात की सूड घेतला की माणूस आतून रिकामा होतो. मला तसं कधी झालं नाही. ती दुपार आठवली की अजून चांगली झोप लागते.

पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना त्या फसलेल्या प्रात्यक्षिकाची हकीकत सांगते. नाव घेत नाही, पण ते कुठून तरी शोधून काढतातच. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या सरांना तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं असतं तर?"

"तर ते वाचून त्यांना चांगलं बोलता आलं असतं," मी म्हटलं.

ती थांबून राहिली, मी पुढे काही बोलेन म्हणून. मी खडू घेतला आणि फळ्यावर प्रोसेसरची आकृती काढायला लागले.